संगणकावरील लिलाव आणि शेवटच्या क्षणाची बोली

लिलाव हा व्यवहार शेतकऱ्यास नवा नाही. बाजार आवारात धान्याचे ढीग मांडले जातात, खरेदीदार ढिगाभोवती जमतात, लिलाव पुकारणारा भाव उच्चारतो आणि एकेका खरेदीदाराच्या तोंडून बोली चढत जाते. चढ थांबली की "एक वार, दोन वार, तीन वार" असे म्हणून सौदा तोडला जातो. हा व्यवहार उघड्या डोळ्यांनी पाहता येतो, कानांनी ऐकता येतो, आणि कोणाची बोली कोणावर चढली हे आवारातील प्रत्येकास कळते.

अलीकडे मात्र लिलावाचे बरेचसे व्यवहार संगणकावर व भ्रमणध्वनीवर होऊ लागले आहेत. केंद्र शासनाने १४ एप्रिल २०१६ रोजी राष्ट्रीय कृषी बाजार ही योजना सुरू केली. 'ई-नाम' या नावाने ती ओळखली जाते. महाराष्ट्रातील अनेक बाजार समित्या तीत सामील झालेल्या आहेत. थकलेल्या कर्जापोटी बँकांनी ताब्यात घेतलेली घरे, गाळे व गोदामे, वित्तसंस्थांनी ओढून आणलेले ट्रॅक्टर, शासकीय कचेऱ्यांतील जुनी वाहने या सर्वांची विक्रीही आता बहुधा याच मार्गाने होते. यास्तव शेतकरी कधी विकणारा म्हणून, तर कधी घेणारा म्हणून या लिलावात उतरतो.

अशा लिलावात भाव ठरविणाऱ्या गोष्टींपैकी एक गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. ती म्हणजे लिलाव संपण्याची वेळ आणि तो संपविण्याचा नियम. बोली किती वाजता बंद होणार, आणि बंद होण्याच्या क्षणी एखादी नवी बोली आली तर पुढे काय होणार, या दोन प्रश्नांच्या उत्तरांवर हजारो रुपयांचा फरक पडू शकतो. तो कसा पडतो हे गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी नीट समजून घेऊन शेतकऱ्यांस सांगणे इष्ट होय.

लिलाव संपविण्याच्या दोन रीती

पहिली रीत ठराविक वेळेची. दुपारी तीन वाजता लिलाव बंद होईल असे जाहीर केलेले असते. संगणकाच्या घड्याळात तीन वाजले की त्या क्षणी ज्याची बोली सर्वांत वरची, त्यास माल मिळतो. तीनला एक सेकंद कमी असताना आलेली बोली ग्राह्य, एक सेकंद उशिरा आलेली अग्राह्य.

दुसरी रीत मुदतवाढीची. येथेही तीनची वेळ जाहीर होते. परंतु शेवटच्या काही मिनिटांत नवी बोली आली तर लिलावाची मुदत आपोआप तेवढ्या मिनिटांनी पुढे जाते. वाढीव मुदतीत आणखी बोली आली तर मुदत पुन्हा वाढते. कोणीही नवी बोली न करता पूर्ण मुदत निघून गेली म्हणजेच लिलाव संपतो.

थोडा विचार केल्यास असे दिसून येईल की, दुसरी रीत म्हणजे बाजार आवारातील जुनीच रीत होय. "दोन वार" म्हटल्यावर कोणी बोली वाढविली तर पुकारणारा "तीन वार" म्हणत नाही. तो पुन्हा "एक वार" पासून आरंभ करतो. म्हणजे प्रत्येक नव्या बोलीस उत्तर देण्याची संधी इतरांस मिळते. घड्याळाच्या ठोक्यावर सौदा तोडण्याची पद्धत आवारात रूढ झाली नाही, ती याच कारणाने.

जुना अनुभव

ठराविक क्षणी संपणाऱ्या लिलावाची अडचण संगणकाने निर्माण केलेली नाही. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये मेणबत्तीचा लिलाव चालत असे. इंचभर मेणबत्ती पेटवून ठेवीत आणि ती विझण्यापूर्वी ज्याची बोली शेवटची, त्यास माल देत. तेथील आरमार खात्याचा अधिकारी सॅम्युएल पेपिस याने आपल्या रोजनिशीत ३ सप्टेंबर १६६२ च्या नोंदीत अशा एका लिलावाची हकिकत लिहून ठेवली आहे. मेणबत्ती विझण्याच्या सुमारास सर्वजण एकदम ओरडू लागत आणि शेवटी कोण बोलला हे ठरविणे कठीण होई. त्यांतील एक खरेदीदार मात्र इतरांहून हुशार निघाला. ज्योत विझण्याच्या क्षणी धूर खाली उतरतो, हे त्याने हेरून ठेवले होते. ती खूण पाहून तो नेमक्या क्षणी बोली करीत असे.

ही हकिकत साडेतीनशे वर्षांपूर्वीची असली तरी आजच्या संगणकीय लिलावास ती तंतोतंत लागू पडते. शेवटचा क्षण ज्यास आधी कळतो, त्यास इतरांवर मात करता येते.

हॉलंडमध्ये भाजीपाला व फुले यांच्या विक्रीसाठी एक निराळीच युक्ती रूढ झाली. तेथे घड्याळासारख्या तबकडीवर भाव वरून खाली उतरत जातो आणि जो खरेदीदार सर्वांत आधी कळ दाबतो, त्यास त्या भावाने माल मिळतो. या पद्धतीत पहिली बोली हीच शेवटची बोली असते. त्यामुळे शेवटच्या क्षणासाठी दबा धरून बसण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. आल्समीर येथील फुलांचा बाजार याच पद्धतीसाठी जगप्रसिद्ध आहे.

शेवटच्या क्षणाच्या बोलीने काय होते

संगणकावरील सार्वजनिक लिलाव मोठ्या प्रमाणावर सुरू झाले ते अमेरिकेत, १९९५ मध्ये स्थापन झालेल्या ईबे या पेढीमुळे. तेथे लिलाव ठरलेल्या क्षणी बंद होतो. खरेदीदाराने आपली कमाल मर्यादा संगणकास सांगून ठेवावी. संगणक त्याच्या वतीने गरजेपुरतीच, एकेका पायरीने बोली वाढवीत जातो, अशी सोय तेथे आहे. ही मर्यादा इतरांस दिसत नाही. त्यामुळे जिंकणाऱ्यास आपली पूर्ण मर्यादा द्यावी लागत नाही. दुसऱ्या क्रमांकाच्या मर्यादेहून एक पायरी अधिक, एवढीच किंमत पडते.

या व्यवस्थेत शेवटच्या क्षणाची बोली कसे काम करते, हे एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, एक जुना ट्रॅक्टर विकावयाचा आहे आणि बोलीची पायरी ५,००० रुपयांची आहे. गणपतरावांना तो ३,२०,००० रुपयांपर्यंत घेण्यास परवडतो, तर तुकारामपंतांना ३,००,००० रुपयांपर्यंत. दोघांनीही आपापली मर्यादा आरंभीच नोंदविली तर बोली चढत जाऊन ३,०५,००० वर थांबेल आणि ट्रॅक्टर गणपतरावांस मिळेल.

आता असे समजा की, तुकारामपंत आपली खरी मर्यादा नोंदवीत नाहीत. ते २,४०,००० रुपयांची बोली करून वाट पाहतात. कोणी वर चढला तर आपणही चढू, असा त्यांचा विचार असतो. गणपतराव मुद्दाम गप्प राहतात आणि लिलाव बंद होण्यास पाच सेकंद उरली असता आपली ३,२०,००० ची मर्यादा नोंदवितात. संगणक बोली २,४५,००० वर नेतो. तुकारामपंतांस उत्तर देण्यास वेळच उरत नाही. ट्रॅक्टर २,४५,००० रुपयांस जातो आणि विकणाऱ्याचे ६०,००० रुपयांचे नुकसान होते.

याहून वाईट प्रकार असा. समजा, तुकारामपंतांची खरी मर्यादा ३,४०,००० रुपयांची होती. त्यांनी ती आरंभीच नोंदविली असती तर ट्रॅक्टर त्यांना ३,२५,००० रुपयांस मिळाला असता. हळूहळू चढण्याच्या सवयीमुळे तो त्यांच्या हातून गेला, आणि तोही २,४५,००० या किमतीस, जी देण्यास ते आनंदाने तयार होते. घरी परतल्यावर होणारा पश्चात्ताप कोणास भरून देता येत नाही.

लोक शेवटपर्यंत का थांबतात

ॲल्विन रॉथ व ॲक्सेल ओकेनफेल्स या दोन अर्थशास्त्रज्ञांनी या प्रश्नाचा बारकाईने अभ्यास करून २००२ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. रॉथ यांना पुढे २०१२ मध्ये बाजारव्यवस्थेच्या रचनेवरील कार्याबद्दल अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक लॉइड शॅप्ली यांच्यासमवेत मिळाले. त्या काळी ॲमेझॉन ही पेढीही संगणकावर लिलाव चालवीत असे. दोन्ही ठिकाणचे इतर नियम जवळजवळ सारखेच होते. फरक एवढाच की ईबेचा लिलाव ठराविक क्षणी संपे, तर ॲमेझॉनचा लिलाव सलग दहा मिनिटे एकही बोली न आल्यावरच संपे. एकाच जमिनीत दोन वाफे घालून एकास एक खत व दुसऱ्यास दुसरे द्यावे आणि पिकातील फरक पाहावा, तशी ही तुलना होती.

निष्कर्ष स्पष्ट निघाला. ईबेवरील संगणकांच्या लिलावांपैकी शेकडा ४० आणि जुन्या दुर्मिळ वस्तूंच्या लिलावांपैकी शेकडा ५९ लिलावांत शेवटची बोली अखेरच्या पाच मिनिटांत आली होती. ॲमेझॉनवर हेच प्रमाण दोन्ही प्रकारांत शेकडा ३ च्या आसपास होते. ईबेच्या २४० लिलावांपैकी ८९ लिलावांत अखेरच्या मिनिटात, आणि २९ लिलावांत तर अखेरच्या दहा सेकंदांत बोली आली होती. माणसे तीच, वस्तू त्याच. नियम बदलताच वागणूक बदलली.

थांबण्याची मुख्य कारणे तीन सांगता येतील.

(१) समोरचा बोली करणारा हळूहळू चढणारा असेल तर त्यास उत्तर देण्यास वेळ मिळू नये, हे पहिले कारण. वरील उदाहरणातील गणपतरावांचा हेतू हाच होता.

(२) माहितगार मनुष्याची बोली इतरांस माहिती पुरविते. ज्यास वस्तूची खरी पारख आहे, त्याने लवकर बोली केली तर "अमका घेतो आहे, अर्थी माल चांगला असला पाहिजे" असे समजून इतरही चढू लागतात. म्हणून जाणकार आपले मत शेवटच्या क्षणापर्यंत झाकून ठेवतो. संगणकांपेक्षा जुन्या वस्तूंच्या लिलावात उशिरा येणाऱ्या बोलींचे प्रमाण अधिक आढळले, ते या कारणाशी जुळते. कारण जुन्या वस्तूंची पारख थोड्यांनाच असते.

(३) सर्वांनीच लवकर बोली करून एकमेकांचा भाव चढविण्यापेक्षा, सर्वांनी शेवटी बोली करावी. त्यांतील काही बोली वेळेत पोचणार नाहीत आणि ज्याची पोचेल त्यास माल स्वस्तात मिळेल, असाही एक न बोललेला समजुतीचा हिशेब असू शकतो.

तिसऱ्या कारणातच या युक्तीचा धोकाही दडलेला आहे. शेवटच्या सेकंदास पाठविलेली बोली कित्येकदा पोचतच नाही. खेड्यांत भ्रमणध्वनीची लहर मध्येच तुटते, वीज जाते, संगणकावर एकाच वेळी गर्दी होऊन तो मंदावतो. शिवाय आपल्या मनगटावरील घड्याळ आणि लिलाव चालविणाऱ्या संगणकाचे घड्याळ यांत फरक असू शकतो. लिलाव संपतो तो संगणकाच्या घड्याळाप्रमाणे.

मुदतवाढीचे गुण व दोष

मुदतवाढीच्या नियमात दबा धरून बसण्याचा लाभ उरत नाही. वरील पहिल्या उदाहरणात मुदत वाढली असती तर तुकारामपंत ३,००,००० पर्यंत चढले असते आणि विकणाऱ्यास ३,०५,००० रुपये मिळाले असते. विकणाऱ्याच्या हिताचा हा नियम होय. आपल्या देशात बँकांनी तारण मालमत्तेच्या विक्रीसाठी काढलेल्या लिलाव-नोटिशींत "प्रत्येकी ५ मिनिटांच्या अमर्याद मुदतवाढीसह" असे कलम वारंवार आढळते, ते याचसाठी.

परंतु या नियमाचा एक दोष घेणाऱ्याने ओळखून असावे. मुदत पुन्हा पुन्हा वाढू लागली की इरेस पेटण्याचा संभव असतो. "आता एवढे चढलो, तर आणखी एक पायरी" असे म्हणत मनुष्य आपल्या ऐपतीपलीकडे जातो. बँकेच्या लिलावात याचे परिणाम गंभीर होतात. २००२ च्या सरफेसी कायद्याखालील नियमांप्रमाणे स्थावर मालमत्ता घेणाऱ्यास, बयाणा रक्कम धरून, किमतीच्या शेकडा २५ इतकी रक्कम त्याच दिवशी किंवा फार तर कामाच्या पुढील दिवसापर्यंत भरावी लागते. उरलेली रक्कम विक्री कायम झाल्यापासून साधारणतः १५ दिवसांत भरावयाची असते. ती न भरल्यास भरलेली रक्कम जप्त होते. एका दुपारच्या ईर्षेपायी वर्षाची कमाई जाण्याचा हा प्रसंग होय.

येथे आणखी एक गोष्ट शेतकऱ्यांस सांगून ठेवावी. शेतजमिनीवर निर्माण केलेल्या तारणास हा कायदा लागू नाही, असे त्याच्या ३१ व्या कलमात म्हटले आहे. बिगरशेती घर, गाळा किंवा गोदाम यांची गोष्ट वेगळी.

बाजार समितीतील संगणकीय लिलाव

ई-नामच्या बाजारात शेतमाल आवाराच्या दारातून आत येताच त्याची नोंद होऊन त्यास लॉट क्रमांक मिळतो. मालाच्या नमुन्याची गुणवत्ता तपासली जाते. त्यानंतर ठरलेल्या वेळेत खरेदीदार आपली बोली संगणकावर नोंदवितात. वेळ संपल्यावर सर्वांत वरचा भाव जाहीर होतो. तो भाव पसंत नसल्यास नाकारण्याचा अधिकार शेतकऱ्यास आहे. पसंत असल्यास वजन होऊन हिशेब केला जातो.

या व्यवहारात वेळेचे महत्त्व निराळ्या रीतीने येते. बोली बंद होण्यास थोडाच अवधी उरला असता माल आवारात पोचला तर तपासणी घाईने होते किंवा राहूनच जाते. खरेदीदारांस ढीग पाहण्यास सवड मिळत नाही. न पाहिलेल्या मालास कोणताही व्यापारी हात राखूनच भाव लावतो. तसेच एकाच क्षणी शेकडो लॉट बंद होणार असतील तर एकट्या खरेदीदारास सर्वांवर लक्ष ठेवणे अशक्य होते आणि काही लॉटवर एकदोन बोलींपलीकडे बोलीच येत नाहीत. बोली करणारे जितके अधिक, तितका भाव चढण्याचा संभव अधिक, हे आवारातील जुने सत्य संगणकावरही खरेच ठरते. म्हणून माल लवकर नेणे हा भाव मिळविण्याचा सर्वांत स्वस्त उपाय होय.

कार्यकर्त्यांनी शेतकऱ्यांस द्यावयाच्या सूचना

घेणाऱ्यासाठी :

(१) लिलावाची नोटीस संपूर्ण वाचावी. राखीव किंमत, बयाणा रक्कम, बोलीची पायरी, बंद होण्याची वेळ आणि मुदतवाढीचा नियम या पाच गोष्टी कागदावर वेगळ्या लिहून काढाव्यात.

(२) वस्तू प्रत्यक्ष पाहूनच किंमत ठरवावी. ट्रॅक्टर असल्यास गावातील जाणत्या कारागिरास बरोबर न्यावे व नोंदणीचे कागद तपासावेत. मालमत्ता असल्यास ताबा कोणाकडे आहे व करांची थकबाकी किती आहे, याची चौकशी करावी.

(३) आपली कमाल मर्यादा आदल्या दिवशी घरच्या मंडळींशी विचारविनिमय करून ठरवावी, ती कागदावर लिहावी व लिलाव चालू असता ती वाढवू नये.

(४) संगणक आपल्या वतीने बोली करील अशी सोय असल्यास ती मर्यादा एकदाच नोंदवून स्वस्थ राहावे. हळूहळू चढण्यात लाभ नाही, हे वरील उदाहरणावरून दिसून आलेच आहे. अशी सोय नसल्यास नियम पाहून वागावे : मुदत वाढणारी असेल तर शांतपणे एकेक पायरी चढावे, ठराविक क्षणी बंद होणारा लिलाव असेल तर आपली अखेरची बोली काही मिनिटे हातात राखून करावी, शेवटच्या सेकंदावर विसंबू नये.

(५) जेथे बोली बंद पाकिटासारखी गुप्त असते आणि एकदाच करावयाची असते, तेथे स्वतः लिहिलेलीच किंमत द्यावी लागते. तेथे आपल्या कमाल मर्यादेपेक्षा काहीसा कमी, पण विचारपूर्वक आकडा घालावा.

विकणाऱ्यासाठी :

(१) माल वाळवून, चाळून, प्रतवारी करून व वेळेपूर्वी आवारात न्यावा.

(२) आपला लॉट क्रमांक, तपासणीचा निकाल आणि बोली बंद होण्याची वेळ विचारून घ्यावी.

(३) जाहीर झालेला भाव त्या दिवशीच्या इतर लॉटच्या भावाशी ताडून पाहावा व फार कमी वाटल्यास तो नाकारण्याचा अधिकार वापरावा. मात्र माल परत नेण्याचा किंवा ठेवण्याचा खर्च आधी हिशेबात धरावा.

(४) सहकारी संस्था किंवा ग्रामपंचायत जुने साहित्य संगणकीय लिलावाने विकणार असेल तर मुदतवाढीचा नियम नोटिशीत घालण्याविषयी कार्यकर्त्यांनी आग्रह धरावा. त्यास वेगळा खर्च नाही, आणि संस्थेच्या मालास त्यामुळे पुरता भाव येण्यास मदत होते.

लिलावाचे यंत्र नवे असले तरी त्यातील मनुष्यस्वभाव जुनाच आहे. ज्यास नियम ठाऊक असतो आणि ज्याने आपला आकडा घरीच ठरविलेला असतो, त्यास शेवटच्या क्षणाची धांदल बाधत नाही. पुढील हंगामापूर्वी प्रत्येक कार्यकर्त्याने आपल्या गावातील दहा-पाच शेतकऱ्यांस एकत्र बसवून, एखादी प्रत्यक्ष लिलाव-नोटीस त्यांच्यापुढे वाचून तिच्यातील कलमे समजावून द्यावीत.